तेरा हजार वेळा दोरी ओढणारा हात

१६८६ साली क्योतोच्या सान्जूसांगेन्दो देवळाच्या पडवीत वासा दाईहाचिरो नावाचा तरुण सामुराई धनुष्य घेऊन बसला आणि चोवीस तासांत त्याने १३,०५३ बाण सोडले. पडवी सुमारे १२० मीटर लांब. वरच्या तुळयांना न लागता बाण थेट पलीकडच्या टोकाला गेला, तरच तो मोजायचा. असे ८,१३३ बाण पार गेले.

जरा भागाकार करून बघा. दर साडेसहा सेकंदांना एक बाण. पाणी पिणं, घास घेणं, हात झटकणं, सगळं त्या साडेसहा सेकंदांतूनच चोरायचं. प्रत्येक ओढीला फक्त २० किलो जोर लागला असं समजलं, तरी दिवसभरात २६१ टन होतात. दहा टनी ट्रक भरायचे म्हटले तर सव्वीस. एका माणसाच्या दोन हातांनी!

त्याच्या हातातलं जपानी धनुष्य माणसापेक्षा उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. मूठ मात्र मधोमध नसते, खालून तिसऱ्या हिश्शावर असते.

उंचीत याच्या जवळ जाणारं धनुष्य म्हणजे इंग्रजांचं, यू झाडाच्या एकाच काठीतून काढलेलं. झाडाचा बाहेरचा फिकट भाग ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणजे जोडकाम झाडानेच करून ठेवलेलं. १५४५ साली बुडालेलं इंग्रजांचं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ साली वर काढलं. त्यातून शंभरावर धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. त्यातल्या अनेक धनुष्यांची ओढ ६५ ते ७० किलो असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. त्याहून जास्त जोर तीन बोटांवर पेलायचा, आणि तोही लढाईत, पुन्हा पुन्हा.

मग या जुन्या धनुष्यांत सर्वांत लांब जाणारा बाण कोणाचा? तर सर्वांत आखूड धनुष्याचा. तुर्की धनुष्य जेमतेम मीटरभराचं; लाकडाच्या गाभ्याला आतून शिंगाची पट्टी आणि बाहेरून जनावराच्या कंडरांचे तंतू सरसाने चिकटवलेले. सरस वाळून मुरायलाच महिनोन्‌महिने जातात. दोरी उतरवली की हे धनुष्य उलट्या दिशेला वळून गोल होतं, आणि चढवताना त्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध वाकवावं लागतं. सगळी ताकद त्या हट्टात आहे. शिंगाचं धनुष्य आपल्यालाही परकं नाही: विष्णूचं शार्ङ्ग हे नाव शृंगावरूनच आलं, म्हणून तो शारंगधर.

आणि नंदुरबारकडचा भिल्लांचा तीरकमठा? तो बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. बोटाने छेडली तर ती सुतासारखी गुणगुणत नाही, कोरडी टक् वाजते. शिंग नाही, सरस नाही, आख्खं धनुष्य बांबूच्या एकाच बेटातून निघालेलं. मला या सगळ्यांत तेच जास्त भावतं.

लांबीचा आकडा मात्र तुर्की धनुष्याचाच, इस्तंबूलचा. सुलतान तिसरा सेलीम याने १७९८ साली मारलेला बाण ८८९ मीटरवर पडला, अशी नोंद आहे. क्रिकेटच्या ४४ खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरल्या तर एवढं अंतर होतं. असे विक्रमी बाण जिथे पडत, तिथे, इस्तंबूलच्या ओकमैदान नावाच्या मैदानात, दगडी खांब उभारत. आज मैदानाच्या जागी दाट वस्ती आहे. त्यातले काही खांब घरांच्या मधे अजून उभे आहेत.