दुसऱ्याच्या घरची निवडणूक

माझे अब्बा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. रात्रपाळी नसली की जेवण उरकून ते रेडिओचा काटा हळूहळू फिरवत बीबीसीची उर्दू सेवा लावायचे. १९८०च्या नोव्हेंबरात कार्टर हरले आणि रेगन निवडून आले, ही बातमी मी त्या खरखरीतूनच ऐकली. मी तेव्हा दहा वर्षांचा. शेजारचे बशीरचाचा म्हणाले, "तिथं कोणी का येईना, आपला धोटा तसाच चालणार." अब्बा नुसते हसले.

पंचेचाळीस वर्षं गेली. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि बशीरचाचांच्या नातवाचे टर्किश टॉवेलचे गठ्ठे गोदामात पडून राहिले. एका संध्याकाळी तौफिक मला म्हणाला, "मामू, वर्षभर टीव्हीवर एवढे तज्ज्ञ बोलत होते. कोण जिंकणार हेच सांगत बसले. जिंकल्यावर माझ्या टॉवेलचं काय होणार, ते का नाही कोणी सांगितलं?"

मी साधा बी. ए. झालेला कवी. उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी जुनी पुस्तकं काढून बसलो. परक्यानं अमेरिकेची निवडणूक समजावून सांगण्याचा उद्योग तसा फार जुना आहे.

त्यातलं सर्वात मोठं नाव अलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच माणसाचं. १८३१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो अमेरिकेतले तुरुंग पाहायला गेला. नऊ महिने फिरला आणि परतल्यावर तिथल्या लोकशाहीवर ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १८३५ साली आला. अध्यक्षाची निवडणूक जवळ आली की सारं राष्ट्र तापानं फणफणतं आणि निकाल लागला की पूर ओसरल्यासारखं सगळं शांत होतं, असं त्यानं नोंदवलं. गंमत म्हणजे १८३२ची निवडणूक होण्याआधीच तो मायदेशी परतला होता. तरी त्याचं निरीक्षण टिकलं, कारण कोण जिंकेल हे तो सांगत नव्हता. ही यंत्रणा माणसांचं काय करते, हे तो सांगत होता.

दुसरा जेम्स ब्राइस. हा ब्रिटिश खासदार पुढे वॉशिंग्टनमध्ये ब्रिटनचा राजदूत झाला. १८८८ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात, थोर माणसं अमेरिकेचे अध्यक्ष का होत नाहीत, यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याचं एक कारण मोठं व्यवहारी आहे. पक्षाला थोर उमेदवार नको असतो, निवडून येणारा हवा असतो. आणि ज्या राज्याचा कल अनिश्चित, तिथला उमेदवार अधिक सोयीचा.

याचं मूळ तिथल्या मतमोजणीत आहे. तिथं देशभरातली मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी-मतं असतात. आज ती एकूण ५३८ आहेत आणि जिंकायला २७० लागतात. ५० पैकी ४८ राज्यांत जो पुढे, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी मतं पडतात. म्हणून २००० साली फ्लोरिडातल्या अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीवर बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही त्या हरल्या. देशभरातला कौल पाहून परदेशातून भाकीत करणारे इथेच फसतात.

१८८८ सालीही हेच घडलं. क्लीव्हलँड यांना सुमारे नव्वद हजार मतं जास्त मिळाली, पण २३३ विरुद्ध १६८ प्रतिनिधी-मतांनी हॅरिसन निवडून आले. त्या निवडणुकीचा मुख्य मुद्दा कोणता होता? आयातशुल्क! क्लीव्हलँड यांना ते कमी करायचं होतं, हॅरिसन यांना टिकवायचं होतं. आणि पुढे १८९० साली तिथल्या संसदेनं ते वाढवलंच. तौफिकला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हे दुखणं खानदानी आहे तर."

त्या वर्षी एका परक्याच्या मतानं मोठा गोंधळ उडवला. कॅलिफोर्नियातल्या हॅरिसन यांच्या पक्षाच्या एका माणसानं मर्चिसन असं खोटं नाव घेऊन ब्रिटिश वकील सॅकव्हिल-वेस्ट यांना पत्र लिहिलं : मी मूळचा इंग्रज, मत कोणाला देऊ? वकीलसाहेबांनी भोळेपणानं उत्तर पाठवलं, त्याचा सूर क्लीव्हलँड यांच्या बाजूचा. ऑक्टोबरमध्ये ते पत्र छापून आलं. इंग्रजांवर डूख धरून असलेले आयरिश मतदार खवळले. क्लीव्हलँड यांनी वकिलाला घरी पाठवलं. पण न्यूयॉर्क राज्य थोडक्यात हातचं गेलं आणि त्याबरोबर निवडणूकही. हे केवळ पत्रामुळे झालं का, यावर वाद आहे. पत्रानं मदत केली नाही, एवढं नक्की.

असाच प्रकार २००४ साली पुन्हा झाला. 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रानं वाचकांना ओहायो राज्यातल्या क्लार्क परगण्यातल्या मतदारांचे पत्ते दिले. हेतू असा की, त्यांनी मतदारांना पत्रं लिहून जगाचं म्हणणं सांगावं. तिथून संतापाची उत्तरं आली. २००० साली हा परगणा अल गोर यांनी ३२४ मतांनी जिंकला होता, २००४ साली तो बुश यांच्याकडे गेला. दुसऱ्याच्या घरात सल्ला देताना दाराबाहेर चपला काढाव्या लागतात, हे पाहुणा विसरला की असं होतं.

आपल्या मराठीतही असं एक पुस्तक आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परतल्यावर १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर ग्रंथ लिहिला. राज्यव्यवस्था सांगितली, स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक केलं आणि गुलामगिरीचा डागही लपवला नाही. परका माणूस असा पाहू लागला की घरच्यालाही आपलं घर नव्यानं दिसतं.

आणि घरात राहूनही चूक होतेच. 'लेटर फ्रॉम अमेरिका' हे रेडिओ-भाषण १९४६ ते २००४ चालवणारे ॲलिस्टर कुक अमेरिकेचेच नागरिक झाले होते. १९४८च्या मतदानाच्या तोंडावर त्यांनी ट्रूमन यांच्या अपयशावर लेख लिहिला. ट्रूमन निवडून आले! कुक यांना मात्र श्रोत्यांनी सोडलं नाही, कारण ते भाकितापेक्षा माणसांबद्दल अधिक बोलत.

हे मला का जाणवतं, ते सांगतो. आमच्या मोहल्ल्याबद्दलही निवडणुकीत तज्ज्ञ बोलतात. आमच्या मतांना ते 'गठ्ठा' म्हणतात. आमच्या घरात आम्ही चार भाऊ. गेल्या वेळी एका पक्षावर आमचं एकमत झालं नाही, भांडण तेवढं झालं. ज्या तज्ज्ञानं आमच्या गल्लीत कधी चहा घेतला नाही, त्याला हे कसं कळणार? मग मीही 'अमेरिकेतले काळे', 'अमेरिकेतले लॅटिनो' असे गठ्ठे बांधून बोलतो, तेव्हा जीभ जरा अडखळायला हवी.

तौफिकला मी एवढंच सांगितलं. पुढची निवडणूक २०२८च्या नोव्हेंबरात आहे. तेव्हा तज्ज्ञाला 'कोण येणार' हे शेवटी विचार. आधी विचार, हा उमेदवार काय करणार म्हणतो, आणि त्यातलं संसदेला न विचारता तो किती करू शकतो? १८९० साली शुल्क संसदेनं कायदा करून वाढवलं होतं. २०२५ साली ते अध्यक्षांच्या आदेशानं लागलं. हा फरक आधी कोणी सांगितला असता, तर त्यानं निदान माल जरा बेतानं काढला असता.

अब्बा त्या रात्री का हसले होते, ते मला आता कळतं. धोटा आपला असतो; पण त्याचा धागा कुठवर जातो, हे मागावर बसून दिसत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)