लहान गळ्याला मानवेल असा गानवृंद

सहा-सात वर्षांचे मूल दिवसभर गुणगुणत असेल, कानावर पडलेली चाल दोन दिवसांत उचलत असेल, तर घरात पहिला विचार येतो तो गाण्याच्या क्लासचा. पण या वयात एकट्याने बसून अलंकार घोटण्यापेक्षा चार मुलांच्या सोबतीने गाणे पुष्कळ मुलांना जास्त मानवते. समूहात गाताना आपला आवाज शेजारच्याच्या आवाजात मिसळावा लागतो, आणि त्यासाठी आधी ऐकावे लागते. ऐकण्याची ही सवय पुढे ख्याल शिकायचा असो की व्हायोलिन, सगळीकडे उपयोगी पडते. मात्र कोणताही गट कोणत्याही मुलाला चालतो असे नाही. मोठ्यांच्या पट्टीत गाणी बसवणारा, स्पर्धेपुरता जमणारा गट लहान गळ्याला थकवतो, आणि गाण्याची हौसही मारतो. म्हणून गट निवडताना पालकांनी मंचावरचा कार्यक्रम बघून ठरवू नये. एक पूर्ण तालीम बसून ऐकावी.

ऐकायचे काय, हे कळण्यासाठी मुलांच्या आवाजाची थोडी माहिती हवी. मुलांचे स्वरतंतू मोठ्यांपेक्षा आखूड असतात, आणि त्यांची आतली रचना पक्की होण्याचे काम थेट किशोरवयापर्यंत चालते. त्यामुळे आवाज हलका, उंच आणि नाजूक असतो. सहा ते आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना सहज गाता येणारा पल्ला साधारण एका सप्तकाचा, आणि तो पियानोवर ज्याला ‘मिडल सी’ म्हणतात त्या पांढरी एकच्या आसपास सुरू होतो. वय आणि सराव वाढतो तसा पल्ला दोन्हीकडे वाढतो. आता एखादी शिक्षिका स्वतःच्या सोयीने काळी चारची पट्टी घेऊन गाणे शिकवू लागली, की मंद्र पंचमापर्यंत उतरणारी ओळ मुलांच्या पल्ल्याच्या पार खाली जाते. मुले मग तिथे नुसते शब्द पुटपुटतात. उलट गाणे तार सप्तकात चढले की तीच मुले मान ताणून ओरडतात. चाल षड्जाच्या खाली जात नसेल आणि तार षड्जापाशीच थांबत असेल, तर पांढरी एक ते पांढरी दोन ही पट्टी लहान मुलांना बरी पडते. चाल मंद्रात उतरणारी असेल, तर पट्टी आणखी वर न्यावी लागते, किंवा ते गाणे दोन वर्षांनी घ्यावे लागते. जाणता शिक्षक गाणे निवडतानाच हा हिशेब करतो.

इथेच कराओके ट्रॅकचा प्रश्न येतो. पेटीवर पट्टी क्षणात बदलता येते. तयार ट्रॅक मात्र बहुधा मूळ गायक-गायिकेच्या पट्टीत असतो, आणि तो बदलून घेण्याची तसदी सगळे घेत नाहीत. पट्टी आणि लय दोन्ही आधीच ठरलेली असल्यामुळे दमलेल्या मुलासाठी थांबण्याची, एखादी ओळ सावकाश घेण्याची सोय उरत नाही. कार्यक्रमात एखादे गाणे ट्रॅकवर झाले तर बिघडत नाही. पण रोजची तालीमच ट्रॅकवर होत असेल, तर मुले एकमेकांना न ऐकता स्पीकरला ऐकतात. अशा गटात समूहगानाचा मुख्य लाभच हरवतो.

चांगल्या तालमीची सुरुवात गाण्याने होत नाही. आधी खांदे सैल करणे, लांब श्वास, मग ओठ मिटून एक सूर धरणे. तानपुरा चालू असतो, पेटी असली तर हळू. शिक्षक एक ओळ दोनदा स्वतः म्हणतो, मुले ऐकतात, मग म्हणतात. नंतर गटाचे दोन भाग होतात. अर्धी मुले गातात आणि अर्धी ऐकून सांगतात की कोणता सूर खाली राहिला. तालीम ऐकायला गेलेल्या पालकांनी डोळे शिक्षकावर ठेवण्यापेक्षा मुलांच्या गळ्यावर आणि हनुवटीवर ठेवावेत. गळ्याच्या शिरा फुगत असतील, हनुवट्या वर जात असतील, तर पट्टी चुकली आहे किंवा आवाज रेटला जात आहे. ‘जोरात म्हणा, ऐकू येत नाही’ हे वाक्य तालमीत वारंवार कानावर पडत असेल, तर दुसरा गट शोधलेला बरा. तालमीनंतर मुलाचा गळा वारंवार बसत असेल, तर ती धोक्याची खूण आहे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. सतत ओरडून गाण्याने स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आणि त्या मुलांमध्येही आढळतात.

सुरात गाता येणे ही जन्मजात देणगी आहे, हा समज फार मुलांना गाण्यापासून दूर ठेवतो. पाच-सहा वर्षांच्या कितीतरी मुलांना दिलेला सूर नेमका पकडता येत नाही, आणि योग्य सराव मिळाला की पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांना तो जमू लागतो. पुरुष शिक्षकाचा खालचा आवाज ऐकून मुलाने नेमका कोणता सूर लावायचा, हाही गोंधळ असतो. बाईंचा किंवा दुसऱ्या मुलाचा आवाज त्याला पटकन पकडता येतो. म्हणून जाणते पुरुष शिक्षक सूर देण्याचे काम गटातल्या एखाद्या पक्क्या मुलीवर सोपवतात. याउलट ‘तू नुसते ओठ हलव’ असे मुलाला सांगणारा गट, कितीही बक्षिसे मिळवत असला, तरी लहान मुलांसाठी नाही. प्रवेशाच्या वेळी आवाजाची चाचणी घेणे गैर नाही. मात्र ती मुलाला कुठे उभे करायचे, कोणाच्या शेजारी बसवायचे हे ठरवण्यासाठी असावी. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला नापास करण्यासाठी नसावी.

समूहाने गाणे आपल्याकडे नवे नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात उत्तम वृंदाची रचना नोंदवली आहे: मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवादक ४. विसाव्या शतकात विष्णु दिगंबर पलुस्करांनी प्रार्थना आणि भजने समूहाने गाण्याला प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारख्या कवींची गीते गावोगाव नेली. दिल्लीत गांधर्व महाविद्यालयाच्या विनयचंद्र मौद्गल्य यांनी आणि मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी वृंदगानाला शिस्तबद्ध रूप दिले. शाळाशाळांतून चालणाऱ्या समूहगीत स्पर्धा याच परंपरेतल्या.

त्यामुळे आज पालकांपुढे येणारे गट वेगवेगळ्या मुशीतले असतात. शाळेचा गट सर्वांत जवळचा आणि बहुधा विनाखर्चाचा. पण स्पर्धेची तारीख जवळ आली की तो जागा होतो आणि बक्षीस समारंभानंतर झोपतो. संगीत विद्यालयांचे वृंदगान वर्षभर चालते आणि त्यात सरगमचा पाया पक्का होतो. भजनी मंडळात मुलांना ताल फार लवकर कळतो, कारण टाळ हातात असतो. मात्र टिपेचा सूर लावण्याची तिथली आवड लहान गळ्याला जड जाऊ शकते, एवढे भान हवे. मुंबई, पुणे आणि गोवा इथे पाश्चात्त्य पद्धतीचे कॉयरही आहेत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा काही शतकांची, तर १९७० साली स्थापन झालेल्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देते. मराठी घरातल्या मुलाला तिथली भाषा आणि गाणी नवी वाटतील, पण अडचण होईलच असे नाही. कॉयरमध्ये पुष्कळदा वापरली जाणारी हंगेरीच्या झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांतून घडलेली पद्धत सरगम जाणणाऱ्या मुलाला ओळखीचीच वाटते. तिच्यातला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच कोणत्याही पट्टीवर बसतो. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. मूठ म्हणजे डो, आणि हात वर सरकेल तसा सूर चढतो. लहान मुलाला ही खूण वहीतल्या कोणत्याही चिन्हापेक्षा लवकर उमगते.

कॉयरमध्ये एकाच वेळी निरनिराळे सूर गायले जातात, आणि ते लवकर यावे अशी पालकांना घाई असते. त्याला क्रम आहे. आधी सगळ्यांनी एकसुरात नीट गाणे, मग काहींनी एकच सूर धरून ठेवणे आणि बाकीच्यांनी त्यावर चाल म्हणणे, नंतर एकच गाणे दोन गटांनी थोड्या अंतराने सुरू करणे, आणि शेवटी दोन वेगळ्या ओळी. सात वर्षांची मुले पहिल्या पायरीवर वर्षभर राहिली तरी काही बिघडत नाही. एकसूर पक्का न करता तीन भागांचे गाणे बसवले, की प्रत्येक मूल कान झाकून आपली ओळ वाचवत बसते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कोणताच गट शोधू नये. बडबडगीते, आरत्या, नवरात्रातला भोंडला एवढे त्याला पुरते. भोंडल्याची गाणी थोड्याच सुरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात आणि फेर धरल्यामुळे लय अंगात भिनते. या वयाला याहून चांगले शिक्षण मिळणे कठीण. सहा ते आठ या वयात आठवड्यातून एक-दोन वेळा, पाऊण तासाच्या आत आटोपणारी तालीम योग्य. एका शिक्षकामागे वीस-पंचवीस मुले ठीक. चाळीस झाली की शेवटच्या रांगेतला आवाज कोणाच्याच कानावर येत नाही. वर्षात किती कार्यक्रम, पोशाख आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, परीक्षेच्या दिवसांत तालीम असते का, हे आधीच विचारून घ्यावे. मुलगे असतील तर आणखी एक प्रश्न विचारावा: आवाज फुटल्यावर त्यांचे काय करता? साधारण बारा ते चौदाच्या सुमारास मुलग्यांचा आवाज जवळपास एका सप्तकाने खाली जातो. चांगले गट त्या काळात त्यांना कमी सुरांची, खालची ओळ देतात आणि गटात ठेवतात.

जवळपास असा गट नसेल, तर तो उभा करणे अवघड नाही. सोसायटीतली किंवा वाडीतली सहा-आठ मुले, पट्टी मुलांच्या आवाजाप्रमाणे ठेवायला तयार असलेला एक शिक्षक, एक तानपुरा किंवा मोबाइलवरचे तानपुऱ्याचे ॲप आणि आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ एवढ्यावर सुरुवात होते. पहिले तीन-चार महिने कार्यक्रम ठेवू नये. त्या काळात सोप्या चालीची चार गाणी एकसुरात, न ओरडता, साथीशिवाय म्हणता आली, की गणेशोत्सवाच्या मंचावर पहिले गाणे ठेवायला हरकत नाही.