पानात फोटो बसवा चुटकीसरशी!

दिवाळी अंक असो, स्मरणिका असो की शाळेचं वार्षिक, मजकूर लागून तयार असतो आणि गाडी अडते ती फोटोंपाशी. ही अडचण दूर करण्यासाठी गेली चाळीस वर्षं सॉफ्टवेअरवाले डोकं लढवत आलेत. त्यातल्या काही गमतीजमती आणि काही हमखास युक्त्या इथे एकत्र दिल्या आहेत. वाचा आणि लगेच वापरून पाहा.

१. संगणकापेक्षा प्रिंटर तगडा!
१९८५ साली अल्डस कंपनीचं पेजमेकर मॅकिंटॉशवर आलं. मजकूर आणि चित्र एकाच पडद्यावर मांडायचं, पटलं नाही तर सरकवायचं. कात्री आणि गोंदाची सुट्टी! छपाईला होता ॲपलचा लेझररायटर. त्याचा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा, तर मॅकचा ८ मेगाहर्ट्झचाही नव्हता. प्रिंटरची मेमरी दीड एमबी आणि त्या वेळच्या तगड्या मॅकची ५१२ केबी. प्रिंटरची किंमत? ६,९९५ डॉलर!

२. टिफ फाइलमधला ४२
स्कॅनर आले, पण जो तो आपल्याच पद्धतीने फाइल बनवायचा. मग १९८६ साली अल्डसनेच सगळ्यांना चालेल असा टिफ फॉरमॅट आणला. टिफ फाइलच्या अगदी सुरुवातीला ४२ हा आकडा असतो. तो दिसला, की सॉफ्टवेअर फाइल टिफ असल्याचं ओळखतं.

३. फोटो पानात नसतोच
पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही फोटो घेता तेव्हा पानावर दिसते ती त्याची झलक. मूळ फाइल आपल्या फोल्डरमध्येच राहते. इनडिझाइन फक्त तिचा पत्ता लिहून ठेवतं. म्हणून फोल्डरचं नाव बदललं, की लिंक्स पॅनेलमध्ये लाल प्रश्नचिन्ह उगवतं. फोटोशॉपमध्ये फोटो सुधारला, की पिवळा त्रिकोण दिसतो; अपडेट केलं, की नवा फोटो जागच्या जागी हजर. प्रेसला फाइल देताना कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+पी दाबून पॅकेज करा. फोटो गोळा होऊन एका फोल्डरमध्ये येतात आणि ‘फोटो मिळाले नाहीत’ म्हणून प्रेसमधून फोन येत नाही.

४. आधी चौकट की आधी फोटो?
१९८७ साली आलेल्या क्वार्कएक्सप्रेसची शिस्त कडक असायची: आधी फुलीची चौकट काढा, मग तिच्यात फोटो आणा. पेजमेकरमध्ये थेट कंट्रोल+डी दाबायचं, फाइल निवडायची आणि पानावर क्लिक करायचं. १९९९ साली आलेल्या इनडिझाइनला दोन्ही रीती मान्य आहेत, आणि कंट्रोल+डी तिथेही चालतंच.

५. बारा फोटो, एक हिसका
स्मरणिकेत कार्यकारिणीच्या बारा जणांचे फोटो एका पानावर हवेत? इनडिझाइनमध्ये कंट्रोल+डी दाबून बाराही फाइली एकदम निवडा. कर्सरवर पहिल्या फोटोची झलक आणि एकूण आकडा दिसेल. आता माउस दाबून चौकोन ओढायला लागा आणि बटण न सोडता उजवा बाण दोनदा, वरचा बाण तीनदा दाबा. तीन उभ्या आणि चार आडव्या रांगा आखल्या जातील. बटण सोडलं, की बारा फोटो सारख्या अंतरावर बसलेले! एकेक करून ठेवायचे असतील, तर बाणाने पुढचा फोटो निवडता येतो आणि नको तो एस्केपने काढून टाकता येतो.

६. कुणाचं डोकं कापू नका
चौकट पूर्ण भरायची असेल, तर कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+सी. अख्खा फोटो दिसायला हवा असेल, तर शेवटी सीऐवजी ई. इनडिझाइनच्या सीसी २०१९ आवृत्तीपासून तर फोटोतला महत्त्वाचा भाग ओळखून तो चौकटीत बसवण्याची सोयही आहे. तरी छापण्याआधी एकदा आपल्या डोळ्यांनी पाहाच.

७. ॲटची करामत
दोनशे विद्यार्थ्यांची ओळखपत्रं करायची आहेत? एक्सेलच्या एका रकान्यात नावं भरा, दुसऱ्यात फोटोंचे पत्ते. फोटोच्या रकान्याचं शीर्षक ॲटच्या चिन्हाने सुरू करा, आणि एक्सेलने कुरकुर केली तर त्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका. पुढे इनडिझाइनचं डेटा मर्ज ज्याच्या त्याच्या नावाशेजारी ज्याचा त्याचा फोटो ठेवतं.

८. तीनशेचं गणित
चांगल्या कागदावरच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ३००० पिक्सेल रुंद फोटो दहा इंचांपर्यंत छान छापला जाईल. तोच ताणून दुप्पट केला, की इंचाला १५० उरतात आणि नाकडोळे फुटायला लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल मिळते. फोटो मागवतानाच हे सांगून ठेवा.

९. फुकट आणि मराठीशी जमवून घेणारं
२००१ साली सुरू झालेलं स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हीवर चालतं. इंग्रजी ‘आय’ दाबा, माउस ओढा, फोटोची चौकट तयार! २०२४च्या १.६ या स्थिर आवृत्तीत जोडाक्षरंही नीट जुळतात, त्यामुळे छोट्या मंडळाला अंक काढण्यासाठी खर्चाची सबब उरलेली नाही.

१०. ओळीही आपोआप
२०१०पासून इनडिझाइन फोटोच्या फाइलमध्ये भरलेली माहिती वाचून फोटोखाली ओळ देऊ शकतं. पण मुळात त्या फाइलमध्ये नाव बरोबर कुणी भरायचं? ते आपणच. एका हिसक्यात बारा फोटो बसवून वाचवलेला वेळ नेमका इथे घाला: कोण कोण आहे ते विचारा, आडनावाचं शुद्धलेखन तपासा, फोटो काढणाऱ्याचं नाव द्या. अंक हातात पडल्यावर प्रत्येक जण आधी आपला फोटो शोधतो, आणि लगेच त्याखालचं नाव वाचतो!