धावता क्वार्टरबॅक : आक्रमणयोजना आणि शरीररक्षण

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार होय. चेंडू फेकावयाचा, सहकाऱ्याकडे सोपवावयाचा की स्वतः घेऊन धावावयाचे, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. तिसरा पर्याय ज्याला उत्तम साधतो, त्याच्यापासून संघाला मोठा लाभ होतो. परंतु ज्याच्यावाचून संघाचे चालत नाही असा खेळाडूच त्यामुळे आघाताच्या तोंडी जातो. या पेचाचे स्वरूप येथे तपासावयाचे आहे.

प्रथम लाभ पाहू. क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूकडे सोपवला की तो स्वतः खेळातून जवळजवळ बाद होतो आणि अकरा बचावकर्त्यांसमोर दहाच आक्रमक उरतात. 'झोन रीड' या योजनेने ही उणीव भरून निघते. तीत कडेच्या एका बचावकर्त्याला मुद्दाम कोणी अडवीत नाही. तो धावपटूवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून मोकळ्या कडेने धावतो. तो जागीच थांबला, तर चेंडू सोपवतो. यातील 'रीड' म्हणजे वाचणे. वाचावयाची असते ती प्रतिपक्ष्याच्या खांद्यांची व पावलांची दिशा. या वाचनामुळे बचावकर्ते घुटमळतात आणि चेंडूफेकीलाही अवकाश मिळतो.

या योजनेचे यश व तिच्याभोवतीची शोकांतिका या दोहोंचे उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन संघाचा रॉबर्ट ग्रिफिन तिसरा. २०१२ च्या पहिल्याच हंगामात त्याने १५ सामन्यांत १२० धावांतून ८१५ यार्ड मिळविले व संघाला विभागीय विजेतेपद लाभले. ९ डिसेंबर २०१२ रोजी बाल्टिमोरविरुद्ध त्याचा उजवा गुडघा दुखावला. एका सामन्याच्या विश्रांतीनंतर तो परतला. ६ जानेवारी २०१३ रोजी सिअ‍ॅटलविरुद्ध पहिल्याच सत्रात तो लंगडू लागला, तरी खेळतच राहिला. चौथ्या सत्रात गुडघ्याने दगा दिला. संघ २४-१४ असा हरला आणि ग्रिफिनवर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१२ मधील ते तेज त्याच्या खेळात पुन्हा दिसले नाही.

सर्व दोष झोन रीडच्या माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही. बाल्टिमोरविरुद्धची दुखापत फेकीचा बेत फसल्यावर घेतलेल्या उत्स्फूर्त धावेत झाली होती. सिअ‍ॅटलविरुद्ध गुडघा कोसळला तो जमिनीलगत आलेला चेंडू उचलताना. योजलेल्या धावेत क्वार्टरबॅकला आघात कोठून येणार याची कल्पना असते. उत्स्फूर्त धावेत ती नसते. फेक करताना तर पाय रोवलेले आणि दृष्टी दूरवर असते. बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनने २०१९ मध्ये १७६ धावांतून १,२०६ यार्डांचा विक्रम केला व तो हंगाम सर्वोत्तम खेळाडूच्या बहुमानाने संपविला. उलट ४ डिसेंबर २०२२ रोजी डेन्व्हरविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला तो फेकीच्या जागीच पकडला गेल्याने.

म्हणून योजलेली धाव निर्धोक, असाही निष्कर्ष काढता येत नाही. नियमानुसार फेकणाऱ्याला विशेष संरक्षण मिळते, परंतु धावू लागताच तो इतर धावपटूंसारखाच गणला जातो. झोन रीडमध्ये चेंडू सोपविल्यानंतरही तो धावण्याचा आविर्भाव करीत राहिला, तर त्याला पाडण्याची मुभा असते. पाय पुढे करून घसरल्यास मात्र तेथेच खेळ थांबतो आणि प्रतिपक्ष्याला त्याच्यावर आघात करता येत नाही.

यावरून प्रशिक्षकासाठी काही तत्त्वे निघतात. योजलेल्या धावा निर्णायक प्रसंगांसाठी राखाव्यात. त्या मधल्या गर्दीतून न नेता कडेने न्याव्यात, म्हणजे सीमारेषेचा आश्रय मिळतो. फेकीचा बेत फसल्यास जवळ चेंडू देता येईल असा एक सहकारी सदैव ठेवावा, म्हणजे उत्स्फूर्त धावा घटतात. घसरण्याचा सराव फेकीइतक्याच निष्ठेने करून घ्यावा.

तथापि सर्वांत महत्त्वाचे तत्त्व फळ्यावरील आकृत्यांत सापडत नाही. लंगडणारा खेळाडू स्वतःहून 'मी थांबतो' असे क्वचितच म्हणतो, आणि विजयाच्या ओढीत असलेला प्रशिक्षक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास सदैव उत्सुक असतो. म्हणून त्याला मैदानात ठेवावयाचे की नाही, हा निर्णय सामन्याच्या निकालात ज्याचा हितसंबंध नाही अशा वैद्याच्या हाती असावयास हवा. आक्रमणयोजना पुढील हंगामात बदलता येते. गुडघा बदलता येत नाही.