विद्येच्या देण्याचा हिशेब
गिरगावच्या ओसरीवर सुरू झालेल्या एका परंपरेविषयी

ज्याच्याकडून आले त्याच्या खाती जमा आणि ज्याला दिले त्याच्या नावे, हा हिशेबाचा पहिला पाठ व्यापारी घरातील मूल अनेकदा शाळेआधी पेढीवरच शिकते. मालाचा, रोकडीचा, व्याजाचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवत आलो. एक खाते मात्र बहुतेक घरांत कोरे राहते. ते विद्येचे खाते. कोणी शिकवले, कोणाच्या देणगीतून शाळेची इमारत उभी राहिली, कोणत्या ग्रंथालयात बसून अभ्यास झाला, हे सारे आपल्या मुलांच्या पदरी पडते. त्याची परतफेड कशी करायची याचा विचार सहसा होत नाही. झालाच तर घरातील वडीलधाऱ्यांनी एखाद्या संस्थेला धनादेश दिला की खाते बंद झाले असे मानले जाते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच मुंबईत काही तरुण विद्यार्थ्यांनी हे खाते निराळ्या रीतीने फेडले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. सकाळचे दोन-चार मोकळे तास आणि नुकतीच हाती आलेली विद्या एवढेच त्यांचे भांडवल होते.

सन 1848 मधील तरुण

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी 13 जून 1848 रोजी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्राध्यापक पॅटन हे तिचे पहिले अध्यक्ष. दादाभाई नवरोजी तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकशास्त्र शिकत होते. सभेत निबंध वाचावा, त्यावर वाद व्हावा, शास्त्रीय विषयांची चर्चा व्हावी, असा मूळ बेत होता. पण बेहरामजी खरशेटजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला आणि सभेला निराळे वळण लागले. केवळ बोलून काय उपयोग, प्रत्यक्ष काही करून दाखवा, असे आवाहन पॅटनसाहेबांनी केले आणि तरुणांनी ते मनावर घेतले.

हे तरुण घरोघर फिरू लागले. तुमच्या ओसरीवर बसून तुमच्या मुलींना लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवू द्या, एवढीच त्यांची विनंती होती. काही घरांत त्यांचे स्वागत झाले. काही घरमालकांनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली, अशी आठवण दादाभाईंनी पुढे उतारवयात सांगितली आहे. मुलगी शिकली तर घर मोडेल, पत्रे लिहू लागेल, वडीलधाऱ्यांचे ऐकणार नाही, अशी भीती त्या काळी सर्वच समाजांत होती. तरीही ऑक्टोबर 1849 मध्ये शाळा सुरू झाल्या. चार पारशी शाळांत 44 मुली आणि तीन मराठी शाळांत 24 मुली, एकूण 68. हे तरुण स्वतःचा अभ्यास किंवा नोकरी सांभाळून, एक पैसाही न घेता तेथे शिकवीत.

जागा देणारी माणसे मिळाली नसती तर हा उत्साह पायरीवरच विरला असता. नाना शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. स्वजनांचा विरोध त्यांनाही सहन करावा लागला. पारशी शाळांना कामा कुटुंबाने आर्थिक आधार दिला. गुजराती हिंदू मुलींच्या शिक्षणासाठी कापडव्यापारातील सर मंगळदास नथुभाई पुढे आले. विद्यार्थ्यांनी वेळ दिला, व्यापाऱ्यांनी जागा आणि द्रव्य दिले. या भागीदारीतून मुंबईतील मुलींचे शिक्षण उभे राहिले.

शिकता शिकता शिकवणे

दादाभाई चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आई माणेकबाई यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढवले. शाळेत फी नव्हती म्हणूनच आपण शिकू शकलो, ही जाणीव त्यांना आयुष्यभर होती. आपले शिक्षण लोकांच्या पैशाने झाले, तेव्हा त्याचा लाभ लोकांना परत केलाच पाहिजे, असा विचार विद्यार्थिदशेतच मनात रुजला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी शिक्षणाला बक्षीस मानले नाही, उचल मानली.

त्याच सुमारास या सोसायटीच्या देशी भाषांतील शाखाही निघाल्या. गुजराती शाखा ज्ञानप्रसारक मंडळी या नावाने ओळखली गेली. मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक 1850 मध्ये निघाले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, आरोग्य अशा अनेक विषयांवर मातृभाषेत व्याख्याने आणि लेख होऊ लागले. ऐकणाऱ्याला परीक्षा द्यायची नव्हती आणि बोलणाऱ्याला वेतन मिळत नव्हते. कुतूहल एवढाच दोघांमधील दुवा होता.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या तरुणांनी शास्त्र इंग्रजीतून शिकले होते. सांगायचे होते ते मराठीत किंवा गुजरातीत. इंग्रजी वाक्य पाठ असून भागत नव्हते. ग्रहण का लागते, हवेला वजन असते म्हणजे काय, हे आपल्या घरच्या भाषेत सांगताना प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागे. जे स्वतःला उमगले नाही ते दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणून शिकवण्याचा पहिला लाभ शिकवणाऱ्यालाच झाला. दादाभाई पुढे त्याच संस्थेत गणित आणि सृष्टिविज्ञानाचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले. भाऊ दाजी नामांकित डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे संशोधक झाले.

परळची रात्र

गिरगावातील ओसरी ही या परंपरेची पहाट, तर परळ-लालबागमधील रात्रवर्ग हा तिचा पुढचा प्रहर. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणगावातील कुमारवयीन मुलगा विद्यार्थी नव्हता, कामगार होता. 1911 च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील लहान मुलांचे काम दिवसाला 6 तासांवर आणि प्रौढ पुरुषांचे 12 तासांवर आणले. पण 14 वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा मूल उरत नसे. आपल्या घरात ज्या वयात मुलाला नववीची पुस्तके आणून दिली जातात, त्या वयात गिरणगावातील मुलगा बारा तास साच्यावर उभा राहत असे.

त्याच 1911 मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग, फिरती ग्रंथालये, वाचनालये असा तिचा कार्यक्रम होता. या कामात सुशिक्षित स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. ज्या परळमध्ये भोंग्यावर दिवस उगवत आणि मावळत असे, तेथे रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन चाले. पोट भरण्यासाठी शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाला आपण अडाणी राहिलो नाही एवढे समाधान तरी मिळे, आणि पगाराच्या चिठ्ठीवरील आकडे त्याला स्वतः वाचता येत.

आपल्या घरातील भांडवल

शिक्षणासाठी द्रव्य देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेली देणगी आजही राजाबाई टॉवरच्या रूपाने उभी आहे. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले; सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा त्यांचीच. 1915 पासून महावीर जैन विद्यालयाने गावोगावच्या होतकरू मुलांच्या राहण्याजेवणाची चिंता वाहिली. या वास्तूंत राहून कित्येक पिढ्या डॉक्टर, वकील, हिशेबनीस, अभियंते झाल्या.

आता प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. या सोयींचा लाभ घेतलेल्या आणि आज महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी शेजारच्या आठवी-नववीच्या मुलांना महिन्यातून दोन तास द्यायला काय हरकत आहे? शाळेचा अभ्यास घेण्यासाठी हे तास नकोत. त्यासाठी शिकवण्या आहेतच. ज्या गोष्टीचे स्वतःला वेड आहे ती गोष्ट वाटून घेण्यासाठी ते असावेत.

विषय शोधायला दूर जावे लागत नाही. दादरच्या फुलबाजारातून झेंडूचे एक फूल आणून उकलले की ते एक फूल नसून असंख्य छोट्या फुलांचा गुच्छ आहे हे दिसते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्यावर दोन तास सहज बोलेल. लालबागच्या मिरची गल्लीतून जाताना सर्वांनाच ठसका लागतो; पण तिखट लागल्यावर पाण्याने आग का शमत नाही आणि दुधाने का शमते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगावे. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. परळ-लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती पाण्यात विरते आणि प्लास्टरची तशीच राहते. प्लास्टर ओले केल्यावर पाण्याशी संयोग पावून पुन्हा जिप्समचा दगड होते, हे त्यामागचे कारण.

गणिताची आवड असणाऱ्याने ओव्हल मैदानावर मुलांना नेऊन राजाबाई टॉवरची उंची मोजायला सांगावी. मनोऱ्याचे टोक 45 अंशांच्या कोनात दिसेल अशा जागी उभे राहावे. तेथून पायथ्यापर्यंतचे अंतर मोजून त्यात आपल्या डोळ्याची उंची मिळवली की झाले. मनोऱ्याची उंची सुमारे 85 मीटर आहे. आपले उत्तर किती जवळ आले ते मुलांनी स्वतः पाहावे. इतिहासाची गोडी असणाऱ्याला तर घरातील जुनी दप्तरेच पुरेशी आहेत. ज्या घरांत मोडी लिपीतील जुने कागद आहेत, तेथे आज ते वाचणारे कोणी उरलेले नसते. एखाद्या मुलीने मोडी शिकून दहा मुलांना शिकवली, तर त्या दहा घरांतील पणजोबांचे व्यवहार पुन्हा बोलू लागतील.

आईवडिलांची शंका

येथे वडीलधारी मंडळी एक रास्त शंका काढतील. मुलांच्या डोक्यावर प्रवेशपरीक्षांचा भार आहे. सकाळी शिकवणी, दुपारी महाविद्यालय, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. त्यात हे नवे ओझे कशाला? भार खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण त्या साऱ्या धावपळीत मूल एकही प्रश्न स्वतःच्या मनाने विचारत नसेल, तर उद्या पेढीवर बसल्यावर तरी ते काय विचारणार? बाजार बदलतो, माल बदलतो, गिऱ्हाईक बदलते. टिकते ती नवे समजून घेण्याची सवय. पंधराव्या वर्षी ज्याचे कुतूहल मेले त्याला तिसाव्या वर्षी नवा धंदा शिकवणे कठीण. शिवाय दहा अनोळखी मुलांसमोर उभे राहून आपला विषय पटवून देणे हे शिक्षण कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. दुकानाच्या गादीवर त्याची किंमत कळते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. शिकवणाऱ्याने एक छोटा विषय घ्यावा आणि तो पूर्ण करावा. दहा विषय अर्धे सोडू नयेत. ठरलेली वेळ मोडू नये, कारण वाट पाहून परत गेलेली मुले दुसऱ्यांदा येत नाहीत. वर्गाच्या वेळी घरातील किंवा इमारतीतील दोन मोठी माणसे तेथे हजर असावीत. फी नको, परीक्षा नको आणि बक्षीस समारंभही नको. शेवटची अर्धी घटका मुलांच्या प्रश्नांसाठी राखावी. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर पुढच्या वेळी शोधून आणतो असे सांगावे आणि खरोखरच आणावे. वर्गाचे दार आपल्याच समाजापुरते उघडे ठेवू नये. शेजारच्या चाळीतील, दुकानात काम करणाऱ्या माणसाचे, घरकामाला येणाऱ्या ताईंचे मूलही त्याच सतरंजीवर बसावे. 

आजच्या नाना शंकरशेटांचे कामही तितकेच सोपे आहे. इमारतीची गच्ची, वाडीचे सभागृह, रविवारी बंद असलेली पेढी, यांतील एक जागा महिन्यातून दोन तास मोकळी करून द्यायची. एक सतरंजी, एक फळा, पिण्याचे पाणी. याहून अधिक खर्च नाही.

दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला आपण नव्या वहीवर पहिली ओळ लिहून व्यापार सुरू करतो. त्याच तिथीला आपल्याकडे ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजनही होते. नव्या वहीतील एक पान यंदा घरातील विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावे. डावीकडे जमेच्या बाजूस त्याने लिहावे, मी कोणाकोणाकडून शिकलो. उजवीकडे नावे लिहावे, मी कोणाला काय शिकवले. ही दुसरी बाजू वर्षअखेरीस कोरी राहू नये, एवढी काळजी आईवडिलांनी घ्यावी.