सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला

ताईंनो, बीपीची गोळी एका डॉक्टरांची, शुगरची दुसऱ्यांची, आणि गोडाऊनमध्ये दिवसभर उभं राहून गुडघे दुखले की मेडिकलमधून मागून आणलेली तिसरी. भिवंडीत कितीतरी घरांत हेच चाललंय. या सगळ्या पोटात एकत्र गेल्यावर काय होतं, ते बघायचं कुणी?

सगळ्यात जपायचं ते दुखण्याच्या गोळीला. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी बीपी वाढू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांसोबत त्या रोज घेतल्या तर किडनीलाही इजा होऊ शकते. मग बीपी उतरत नाही म्हणून आणखी एक गोळी वाढते! थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची तिच्यानंतर 4 तासांनी, नाहीतर ती नीट लागू पडत नाही.

पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव असतं, आणि औषधाचं खरं नावही असतं. दोन वेगळ्या पाकिटांवर ‘मेटफॉर्मिन’ दिसलं, तर एकच औषध दोनदा जातंय का, ते विचारा. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.

सगळी पाकिटं, काढ्याची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात आयजीएममध्ये, म्हणजे इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयात न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. मनाने मात्र बीपी-शुगरची गोळी बंद करू नका. डॉक्टरांनी गोळी बदलली, तर बीपी-शुगर पुन्हा कधी मोजायची ते तिथेच विचारून या.