बाळाच्या कानात यंत्र बसवायचं का?

‘ऑपरेशन केलं की मूल बोलायला लागतं म्हणे!’ असं आपण बायका पटकन बोलून जातो. दुसरीकडे ‘डोक्याला सुरी लावायची नाही’ असं सासूबाई बजावत असतात. मधे सापडते ती मुलाची आई, आणि तिच्या हाताशी वेळ थोडा असतो.

कानाचं साधं मशीन आवाज मोठा करतं. पण आतल्या शंखातल्या नाजूक पेशीच निकामी असतील, तर नुसता मोठा आवाज काय कामाचा? कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागचं यंत्र आवाज टिपतं, कातडीखाली बसवलेल्या भागाकडे पाठवतं आणि शंखात सरकवलेल्या बारीक तारेतून ऐकण्याच्या नसेला विजेचे संदेश मिळतात. मेलबर्नच्या डॉ. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली असं अनेक तारांचं यंत्र एका रुग्णाला बसवलं. त्यांच्या वडिलांनाच कमी ऐकू येई!

म्हणजे नस हवीच. ती नसेल किंवा फारच बारीक असेल, तर यंत्राचा उपयोग होईलच असं नाही. म्हणून ‘बेरा’ तपासणीबरोबर एमआरआय करतात. त्याआधी काही महिने दोन्ही कानांना साधी मशीनं लावून, स्पीच थेरपी देऊन पाहतात. मशीनवर पुरेसं ऐकू येत असेल, तर ऑपरेशन कशाला? उरलंसुरलं ऐकणं त्यात जाऊ शकतं. मेनिंजायटिसनंतर बहिरेपण आलं असेल तर मात्र थांबू नये. शंखात हाड वाढून तार आत जाईनाशी होते.

वयाचं म्हणाल, तर जन्मजात बहिऱ्या मुलाला दोन-तीन वर्षांच्या आत यंत्र बसलं तर उत्तम. कधीच न ऐकलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून स्पष्ट बोलण्याची आशा धरणं, हा त्याच्यावर अन्यायच.

खरं काम पुढेच असतं. ऑपरेशननंतर दोन-चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात, मग पुनःपुन्हा जुळवणी आणि वर्षानुवर्षं थेरपी. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत असा एक मुलगा आहे. समोर पाहून बोललं की त्याला छान कळतं. मी फळ्याकडे वळले किंवा वर्गात गलका झाला, की गडबडतो. थेरपीला नेणार कोण, हे घरात आधी ठरवा. बहुतेक घरी आईचीच नोकरी सुटते, आणि ते खर्चात कुणी धरत नाही!

‘खुणा करू नका, मूल बोलणार नाही’ असंही सांगतात. मला ते पटत नाही. अंघोळीला, झोपताना यंत्र काढलं की मूल पुन्हा बहिरंच असतं. तेव्हा त्याच्याशी बोलायचं कसं? भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे, आणि यंत्र न बसवता तिच्यावर वाढलेली, शिकलेली माणसं आहेत. निर्णयाआधी अशा एखाद्या कुटुंबालाही भेटावं.

खर्च लाखांत जातो. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून लहान मुलांना मदत मिळते. उत्पन्नाची आणि वयाची अट असते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी. मात्र हमीची मुदत संपली की वायर, बॅटरी, दुरुस्ती हे बहुधा आपल्याच खिशातून. आणि पावसाळ्यात यंत्राला दमट हवा बाधते, तेव्हा रात्री ते ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.